साडेसहा फुटांवरून : रोजच्या फोटोंसाठी छोटी टेली प्राइम कशी निवडाल

छोटी टेली प्राइम, म्हणजे झूम न होणारी, थोड्या लांब पल्ल्याची लेन्स बघायला दुकानात जायच्या आधी घरातला टेप काढा आणि सोपा, म्हणजे घरातली पुढची खोली, मोजा. बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागातल्या जुन्या घरांत सोपा बहुधा दहा-बारा फुटांचा असतो. भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलात तरी समोर बसलेल्या माणसापासून तुम्ही आठ-नऊ फुटांवरच. त्याच्या मागं सरकायला जागाच नाही, आणि ही अडचण कितीही महागडी लेन्स घेतली तरी सुटत नाही.

मी आधी लेन्स घेतली आणि सोपा नंतर मोजला. 'पोर्ट्रेट म्हणजे ८५' हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं की माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी ८५ मिमीची लेन्स घेऊनच घरी आलो. आज्जी सुपात तांदूळ निवडत बसली होती. चौकटीत चेहरा आला, सूप बाहेर राहिलं. मागं सरत सरत पाठ दाराला लागली. "लांब का उभारलास रे, जवळ ये की," आज्जी म्हणाली. लेन्स चांगली होती, पण आमच्या सोप्यासाठी ती जास्तच लांब पल्ल्याची होती. म्हणून नवीन माणसाला मी पहिल्यांदा अंतराबद्दल सांगतो, कंपनी आणि मॉडेलचं नंतर.

अंतर आधी, मिलिमीटर नंतर

माणसाचा चेहरा फोटोत कसा दिसेल हे तुम्ही किती लांब उभे आहात यावर ठरतं. मोबाईल दीड फुटावर धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, कारण कॅमेऱ्यापासून नाक आणि कान यांच्या अंतरात जो फरक आहे, तो त्या दीड फुटाच्या मानानं बराच मोठा असतो. तोच चेहरा साडेसहा फुटांवरून, म्हणजे साधारण दोन मीटरवरून टिपला की तो फरक जाणवेनासा होतो आणि माणूस आपल्याला रोज दिसतो तसा दिसतो. फक्त तेवढ्या अंतरावरून मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात माणूस लहान येतो आणि मागची भिंत, कॅलेंडर, दोरीवरचे कपडे सगळं आत येतं. शॉर्ट टेली लेन्सचं काम इथं सुरू होतं. तुम्ही त्याच जागी उभे राहता आणि चौकट चेहऱ्याभोवती आवळली जाते.

साडेसहा फूट हे आपल्याकडं बोलण्याचंही अंतर आहे. कट्ट्यावर बसलेल्या अण्णांशी आपण साधारण तेवढ्यावर उभं राहूनच बोलतो. गणपत गल्लीत भाजी विकणाऱ्या मावशींवर रस्त्याच्या पलीकडून भली मोठी लेन्स रोखली की त्या पदर सावरतात आणि मान फिरवतात. जवळ जाऊन, बोलून, लहानशा लेन्सनं काढलेल्या फोटोत त्यांची नजर तुमच्याशी बोलत असते. मला ही लेन्स आवडते ती याच कारणासाठी.

आता आकडे. लेन्सचा मिमीचा आकडा जितका मोठा, तितकी चौकट जास्त आवळलेली. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर साधारण ७५ ते १०५ मिमीच्या लेन्सना शॉर्ट टेली म्हणतात. फुल फ्रेमवर ८५ मिमी लावून कॅमेरा उभा धरला, तर दोन मीटरवर सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंतचा माणूस. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वरखाली थोडी मोकळी जागा ठेवून हवा असेल, तर पंधरा-सोळा फूट मागं जावं लागेल. सोप्यात ते जमणार नाही, अंगणात किंवा परड्यात जमेल.

पण आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो. कॅननचा असेल तर लेन्सच्या आकड्याला १.६ नं गुणा, निकॉन, सोनी, फुजीफिल्मचा असेल तर १.५ नं. ५० मिमी तिथं ८० किंवा ७५ सारखी वागते, ५६ मिमी ८४ सारखी. मी घेतलेली ८५ मात्र १२७ ते १३६ च्या घरात जाते. मिरवणुकीला ती छान, सोप्यात अडचणीची. त्याहून लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्याला २ नं गुणायचं, म्हणजे ४५ ची ९० झाली.

आठ दिवस चिकटपट्टी

पैसे खर्च करायच्या आधी हा एक प्रयोग कराच. तुमच्याकडची, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स ५० वर आणा आणि झूमच्या कड्यावर कागदी चिकटपट्टी लावा. आठ दिवस ती काढायची नाही. घरात, कॉलेजच्या वाटेवर, कॅम्पात, रविवारी राजहंसगडावर गेलात तर तिथंही, सगळे फोटो ५० वरच. बॅकग्राउंड धूसर होणार नाही, त्याकडं आत्ता बघू नका. तुमचे पाय कुठं अडतात तेवढं बघा. आठव्या दिवशी 'पुढं जायला पाहिजे होतं' असं जास्त वेळा वाटलं असेल तर तुम्हाला थोडी लांब लेन्स हवी आहे. 'मागं जायला जागा नव्हती' असं जास्त वाटलं असेल तर शॉर्ट टेलीचा विचार सध्या सोडा आणि ३५ मिमीकडं बघा. त्यात काही कमीपणा नाही. घर लहान असेल आणि विषय घरातलीच माणसं असतील, तर क्रॉप कॅमेऱ्यावर ३५ च बरी.

शिवाय जुन्या फोटोंची माहिती उघडून बघा. प्रत्येक फोटोत किती मिलिमीटरवर तो काढला ते नोंदलेलं असतं. माणसांचे आवडते पन्नास फोटो निवडले तरी आपला हात सारखा कुठं जातो ते कळतं.

माउंट आणि मोटर

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथं बसते ती खाच. नवख्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. कॅननच्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स लागतात, मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या आर मालिकेला आरएफ. जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर बॉडीवर नीट चालते, पण आरएफ लेन्स डीएसएलआरवर कधीच बसत नाही. निकॉनमध्ये धोका वेगळा आहे. डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्यावी लागते, कारण तिची मोटर लेन्समध्ये असते. जुन्या बाजारात '५० मिमी एफ/१.८ डी' स्वस्तात मिळते आणि बॉडीवर बसतेही, पण ऑटोफोकस होत नाही, हातानं फिरवावं लागतं. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला जुन्या लेन्ससाठीचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी त्या डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. विकणारा हे सांगेलच असं नाही. लेन्सच्या कड्यावरची अक्षरं तुम्हीच वाचा.

कोणत्या कॅमेऱ्याला काय

एफ हा लेन्सच्या आतल्या झरोक्याचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा. तो जितका लहान, तितका झरोका जास्त उघडतो. कॅननच्या क्रॉप डीएसएलआरला ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. २०१५ ची लेन्स, वजन १६० ग्रॅम, म्हणजे किट लेन्सपेक्षाही कमी. आर५०, आर१० असेल तर आरएफ ५० मिमी एफ/१.८, तीही १६० ग्रॅमचीच. निकॉन डीएसएलआरला एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी, १८५ ग्रॅम. या तिन्हींपैकी जी बसेल ती घ्या, पहिल्या लेन्ससाठी यापेक्षा जास्त विचार करायची गरज नाही.

सोनीच्या क्रॉप कॅमेऱ्याला दोन चांगले पर्याय आहेत. ई ५० मिमी एफ/१.८ ओएसएस २०२ ग्रॅमची आहे आणि हात हलल्याचा परिणाम ती लेन्समध्येच सावरते. ए६४०० सारख्या बॉडीत ती सोय नसते, म्हणून हे महत्त्वाचं. दुसरी सिग्माची ५६ मिमी एफ/१.४, सुमारे २८० ग्रॅम. थोडी जड, पण उघड्या ॲपर्चरला इतकी स्वच्छ की एकदा वापरली की मन तिथंच अडकतं. तीच लेन्स निकॉन झेडसाठीही मिळते आणि झेड५० किंवा झेड३० वाल्यांना मी तीच सुचवतो, कारण निकॉनची स्वतःची झेड ५० मिमी एफ/१.८ एस उत्तम असली तरी ४१५ ग्रॅमची आहे. फुजीफिल्मवाल्यांना एक्सएफ ५० मिमी एफ/२, वजन २०० ग्रॅम आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून बंदिस्त. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जाणाऱ्याला या बंदिस्तपणाची किंमत कळते. मायक्रो फोर थर्ड्सवाले नशीबवान. ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ फक्त ११६ ग्रॅमची आहे, शर्टाच्या खिशात मावते.

फुल फ्रेम असेल तर सोनीची एफई ८५ मिमी एफ/१.८ (३७१ ग्रॅम), निकॉनची ८५ मिमी एफ/१.८ जी (३५० ग्रॅम), कॅननची १९९२ पासून चालत आलेली ईएफ ८५ मिमी एफ/१.८ (४२५ ग्रॅम). त्याहून लहान हवी असेल तर सोनी माउंटसाठी सॅमयांग ७५ मिमी एफ/१.८ आहे, २३० ग्रॅमची, किंवा धातूच्या बांधणीची सिग्मा ९० मिमी एफ/२.८, २९५ ग्रॅमची.

वजनाचा एवढा घोळ का घालतोय? दुसऱ्या टोकाला कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/१.२ आहे, ११९५ ग्रॅमची. लग्नाची कामं करणाऱ्याला ती परवडते, कारण तो त्याच कामासाठी बॅग उचलतो. रोजच्या फोटोंचं गणित वेगळं असतं. दूध आणायला निघालात, कपिलेश्वराला गेलात, निपाणीला पाहुण्यांकडं निघालात, तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकायचा की नाही हे दारातच ठरतं. जड असला की तो कपाटात राहतो. माझ्या आवडत्या फोटोंतले बरेचसे अशाच कामाधामांच्या फेऱ्यांत निघालेले आहेत.

एफ/१.८ पुरे का?

पुरे. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ तिच्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. वडगाव, खासबागच्या मागाच्या खोलीत गेलात तर याचा अर्थ कळेल. एक ट्यूबलाइट, एक खिडकी, ताण्याचे धागे, आणि मागापुढं सतत हलणारे हात. किट लेन्सवर तिथं आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा, इतका चढवावा लागतो की चेहऱ्याची कातडी वाळूसारखी दिसते. एफ/१.८ च्या लेन्सनं एफ/२, आयएसओ १६००, शटर १/१०० सेकंदावर काम होतं.

१/१०० का, तेही सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर त्याहून वेगानं गेलं, त्यातही मिररलेसचं मूक शटर असेल, तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर ते बहुतेक जातात. पण हलणाऱ्या माणसाला १/५० वर पकडता येत नाही आणि ८० च्या आसपास वागणाऱ्या लेन्सवर आपल्याच हाताची थरथर दिसते. म्हणून घरात १/१००, आणि बाहेर उजेड असेल तर १/२५० च्या खाली येऊ नका.

धूसर बॅकग्राउंडच्या मोहाबद्दल थोडं. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ/१.८, अंतर दोन मीटर, तर पुढून मागं स्पष्ट येणारा पट्टा फक्त सहा सेंटिमीटरच्या आसपास. एक डोळा लख्ख आणि दुसरा विरघळलेला, असं सहज होतं. क्रॉपवर ५० मिमी त्याच अंतरावर साधारण अकरा-बारा सेंटिमीटर देते, एफ/२.८ केली की अठरा. दोन माणसं शेजारी बसली असतील तर एफ/४ शिवाय दोघं नीट येत नाहीत. नवख्यांनी पहिले दोन महिने एफ/२.८ वर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो १०५ मिमी एफ/२.५ च्या लेन्सनं काढलेला आहे. ती लेन्स त्याहून जास्त उघडतच नव्हती.

किती जवळ जाऊ देते

प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत ती फोकसच करत नाही. कॅननच्या ५० एसटीएमचं ०.३५ मीटर आहे, ईएफ ८५ चं ०.८५ मीटर. खानापूरला कुंभाराच्या चाकावर बसलेल्या हातांचा फोटो घ्या. ईएफ ८५ आपल्या किमान अंतरावर फुल फ्रेममध्ये सुमारे २८ सेंटिमीटर रुंदीचा भाग दाखवते. दोन्ही हात आणि मधला ओला घट नीट मावतो. पण नवरीची नथ चौकटभर हवी असेल तर ती उपयोगाची नाही. कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रो तिथं सात सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटभर दाखवते, वजन मात्र ५०० ग्रॅम. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, १२०४ च्या त्या काळ्या दगडाच्या कामात, शॉर्ट टेलीनं अख्खा मंडप येणार नाही, त्याचा हट्ट धरू नका. छतावरचं कमळ आणि खांबांची कातलेली वळणं मात्र सुरेख येतात.

विकत घेताना

बेळगावात हवी ती लेन्स शिल्लक नसेल तर मागवून घ्यावी लागते, किंवा कोल्हापूर-हुबळीची फेरी पडते. कुठंही घ्या, भारतातल्या वॉरंटीचं कार्ड आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. परस्पर आयात केलेला माल स्वस्त वाटतो, पण दुरुस्तीच्या वेळी कंपनीची इथली वॉरंटी त्याला लागू होत नाही.

जुनी लेन्स घेणार असाल तर घाई करू नका. आपल्या भागात पावसाळा लांब आणि दमट, त्यामुळं काचेच्या आत बुरशी धरते. मी एकदा संध्याकाळी, दिवे लागल्यावर, एका विक्रेत्याच्या घरी ५० मिमी बघितली. बाहेरून नवीकोरी. घरी आणून उन्हात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. म्हणून आता असं करतो: दिवसा जातो, लेन्सची दोन्ही झाकणं काढतो, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाईलची टॉर्च लावतो आणि पुढून तिरकं बघतो. एक-दोन धुळीचे कण चालतात. मुळांसारखे तंतू, पांढुरकी साय किंवा काचेच्या कडेनं ढगाळ डाग दिसले तर कितीही स्वस्त असो, नको. ती बुरशी कोटिंग खाते, आणि साफ केली तरी डाग राहू शकतो.

मग कॅमेऱ्यावर लावा. भिंतीला 'तरुण भारत'चं एक पान सपाट चिकटवा, कॅमेरा त्याच्या अगदी समोर स्टँडवर ठेवा, एफ/२.८ वर फोटो घ्या. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता मोठी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाचा चकाकता थर नको. फोकस जवळून लांब, लांबून जवळ दहा वेळा करून बघा, मध्ये अडखळली किंवा कर्कश वाजली तर सोडून द्या.

पहिले काही दिवस

लेन्स आली की ओळखीच्या माणसांपासून सुरुवात करा. सकाळी नऊच्या आत, दाराच्या उंबऱ्याशी. माणूस आत, सावलीत, तोंड दाराकडं. तुम्ही बाहेर, दारातला उजेड न अडवता थोडं बाजूला. फोकस जवळच्या डोळ्यावर. मिररलेसला डोळा ओळखायची सोय असेल तर चालू ठेवा, डीएसएलआर असेल तर एकच फोकसबिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, कॅमेऱ्याला आपोआप निवडू देऊ नका. तो बहुतेक वेळा कपाळावरची टिकली किंवा पुढं आलेला हात पकडतो.

गावात अनोळखी माणसांना आधी विचारा. मराठीत "फोटो काढू काय?" आणि हुक्केरी, गोकाककडं गेलात तर "फोटो तगीलेन्री?" एवढं कन्नड पुरतं. विचारल्यावर माणूस ताठ होतो, हे खरं. पहिले दोन फोटो त्या ताठपणाचे काढा, मग कॅमेरा खाली घेऊन भाताचं, पावसाचं, पोराबाळांचं विचारा. तिसरा फोटो वेगळा येतो.

वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, त्या वेळी हीच लेन्स पुन्हा कामी येते. किर्लोस्कर रोडच्या गर्दीत मागं-पुढं सरता येत नाही, म्हणून एकाच जागी उभं राहा आणि चित्ररथ तुमच्यापुढं येऊ द्या. एफ/२, १/२००, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. रथावरच्या एलईडीचे पट्टे आले तर १/१०० वर या आणि मावळ्याच्या वेशातलं पोर क्षणभर स्थिर होईल तेव्हाच बटण दाबा.

जून लागला की

पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पाकिटात बंद करून ठेवू नका, ओल तिथंच साठते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर एक स्वस्तातला आर्द्रता मोजायचा काटा. तो ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर कढईत परतून कोरडे करून घ्या, ते परत वापरता येतात, पण ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नका. आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा. बंद अंधाऱ्या कपाटात महिनोन् महिने पडलेल्या लेन्सलाच बुरशी आधी लागते.